मुखत्यारपत्राबाहेरचे काम : फिलाडेल्फिया, १७८७

राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेच्या राज्यघटनेचा जन्म शिकवायला साधारणपणे पाऊण तास लागतो. १७८७ साली फिलाडेल्फियाला परिषद भरली, लहान व मोठ्या राज्यांत वाद झाला, तडजोड निघाली, घटना तयार झाली. पाठ्यपुस्तकात हा सारा प्रकार दीड पानात उरकलेला असतो आणि परीक्षेला त्यावर टीप येते. यंदा मात्र आमच्या वर्गातल्या एका मित्राने मध्येच उभे राहून विचारले, "पण सर, त्यांना नवी घटना लिहायला सांगितली होती कुणी?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कुणीच नाही. आता कशी लिहिली ते तुम्हीच वाचून काढा," एवढेच म्हणाले. तास संपला, मित्र विसरला. प्रश्न मात्र माझ्यामागे लागला. प्रस्तुत लेख हे त्याचे फळ.

प्रथम त्या वेळची परिस्थिती थोडक्यात पाहू. इंग्लंडशी झगडून स्वतंत्र झालेली तेरा राज्ये १७८१ पासून एका करारनाम्याने बांधलेली होती. करारनामा म्हणण्याचे कारण असे की, त्यात राष्ट्र म्हणावे असे फारसे काही नव्हते. एकच सभागृह, काँग्रेस. त्यात प्रत्येक राज्याला एक मत, मग राज्य केवढे का असेना. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नाही, कायमची न्यायसंस्था नाही आणि सर्वांत वाईट म्हणजे कर बसविण्याचा अधिकार नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी मनाला येईल तेवढे द्यायचे. करारनाम्यात काही बदल करावयाचा तर तेराही राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी. १७८१ मध्ये आयात मालावर शेकडा पाच जकात बसवावी असा प्रस्ताव आला, तो एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बुडाला. एवढेसे राज्य, पण त्याच्या एका 'नाही'पुढे बाकीच्या बारांचे काही चालेना.

१७८६ च्या सप्टेंबरात अ‍ॅनापोलिस येथे व्यापारविषयक परिषद बोलावली, तर पाच राज्यांचे मिळून बारा प्रतिनिधी जमले. त्यांनी निदान एक काम केले : पुढील वर्षी फिलाडेल्फियाला सर्व राज्यांनी भेटावे असे आवाहन करून ते घरी गेले. त्याच हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने व करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले, सरकारी शस्त्रागारावर चाल केली. जमीनदार, व्यापारी, सावकार सारेच हादरले. अखेर २१ फेब्रुवारी १७८७ रोजी काँग्रेसने परिषदेला मान्यता दिली. पण तिच्या ठरावातले शब्द फार जपून घातलेले होते. परिषद भरायची ती केवळ करारनाम्यात दुरुस्ती सुचविण्यासाठी, अन्य कशासाठीही नाही.

येथेच आपल्या मित्राच्या प्रश्नाचे मूळ आहे. फिलाडेल्फियाला आलेले लोक जनतेने निवडलेले नव्हते; त्यांना त्यांच्या त्यांच्या राज्याच्या विधिमंडळाने नेमून पाठविले होते आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या राज्याचे अधिकारपत्र होते. आपल्याकडच्या भाषेत मुखत्यारपत्रच म्हणा ना. पेशवाईतला वकील परदरबारी जाई तेव्हा धन्याने लिहून दिले असेल तेवढेच तो बोले. पुढचा शब्द द्यायचा तर पुण्याला पत्र धाडून उत्तराची वाट पाही. अमेरिकेतले प्रतिनिधी तसे वकील होते, की आपल्या बुद्धीने राष्ट्राचे हित ठरविण्यास मोकळे असलेले विचारवंत होते? ज्याच्या त्याच्या कागदात याचे उत्तर वेगवेगळे होते. व्हर्जिनियाचे पत्र ऐसपैस होते. संघराज्याच्या गरजा भागतील असे जे जे फेरफार आवश्यक वाटतील ते ते सुचवा, असा त्याचा आशय. डेलावेअरचे मात्र आखूड. त्यात स्पष्ट अट होती की, प्रत्येक राज्याला एक मत या नियमाला हात लावायचा नाही. यातली गंमत अशी की, ही अट घालावी असे डेलावेअरचा प्रतिनिधी जॉर्ज रीड यानेच आधी सुचविले होते. मोठी राज्ये आपल्याला गिळतील ही भीती त्याला होती आणि परिषदेत आपल्यावर दडपण आले तर "माझे हात बांधलेले आहेत" असे सांगता यावे, म्हणून त्याने स्वतःचे हात स्वतःच बांधून घेतले!

परिषद १४ मे रोजी भरावयाची होती. त्या दिवशी जमले ते जेमतेम दोन राज्यांचे लोक, यजमान पेनसिल्व्हेनियाचे आणि व्हर्जिनियाचे. पावसाने रस्ते खराब झालेले. सात राज्यांची गणसंख्या भरायला २५ मे उजाडला. (याच वर्षी इकडे महादजी शिंदे लालसोटच्या मोहिमेत अडकले होते हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ आपल्याला जरा जवळचा वाटू लागतो.) राज्यांनी एकंदर ७४ जणांना नेमले होते, त्यांतले ५५ कधी ना कधी हजर राहिले; पण सर्व एकाच वेळी कधीच नाहीत. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठविले नाही. न्यू हॅम्पशायरच्या तिजोरीत प्रवासखर्चाला पैसे नव्हते. त्याचे दोन प्रतिनिधी आले ते २३ जुलैला, म्हणजे निम्मे काम उरकल्यावर, आणि तेही त्यांतल्या जॉन लँगडनने पदरचे पैसे घातले म्हणून. म्हणजे तेरा राज्यांच्या नावाने लिहिल्या गेलेल्या या घटनेच्या लेखनात तेराही राज्ये एकत्र बसली असा एकही दिवस उगवला नाही. पॅट्रिक हेन्रीची नेमणूक झाली होती, त्याने यायचेच नाकारले. तो पुढे आपल्याला भेटणार आहे.

वॉशिंग्टन अध्यक्ष झाले. नियम ठरले, त्यांतले दोन महत्त्वाचे. पहिला, मतदान राज्यवार. एका राज्याचे दोन प्रतिनिधी असोत की आठ, मत एकच, आणि प्रतिनिधींत समसमान दुफळी पडली तर ते मत फुकट. पेनसिल्व्हेनियाच्या काही मंडळींच्या मनात लहान राज्यांना प्रारंभीच समान मत नाकारावे असे होते. व्हर्जिनियाच्या लोकांनी त्यांना थोपविले. सुरुवातीलाच भांडण काढले तर लहान राज्ये उठून जातील आणि मग सगळेच मुसळ केरात. दुसरा नियम गुप्ततेचा. आतले अवाक्षर बाहेर जाता कामा नये. दारावर पहारा, भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. जेम्स मॅडिसन नावाचा छत्तीस वर्षांचा, लहान चणीचा गृहस्थ अध्यक्षांच्या समोर जागा धरून रोज टिपणे घेई. ती टिपणे छापली गेली १८४० साली, त्याच्या मृत्यूनंतर. ज्या जनतेच्या नावाने घटना लिहिली गेली, तिला ती कशी लिहिली गेली हे नीट कळायला त्रेपन्न वर्षे लागली. गुप्ततेचे समर्थन करता येते; माणूस चारचौघांत एकदा बोलून गेला की मत बदलायला लाजतो, दाराआड तो मोकळेपणी बदलतो. पण मुखत्यारपत्राबाहेर जाणाऱ्यालाही अंधार सोयीचाच असतो, हे विसरता येत नाही.

२९ मे रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर एडमंड रँडॉल्फ उठला आणि त्याने पंधरा कलमांची योजना मांडली. तीत दुरुस्ती थोडी आणि नवी इमारतच अधिक होती. दोन सभागृहे, दोहोंतही लोकसंख्येच्या किंवा कराच्या प्रमाणात जागा, स्वतंत्र कार्यकारी सत्ता, राष्ट्रीय न्यायालय. दुसऱ्याच दिवशी ठराव संमत झाला की, सर्वश्रेष्ठ असे विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ असलेले राष्ट्रीय सरकार स्थापन करावे. सहा राज्ये बाजूने, कनेक्टिकट विरुद्ध, न्यू यॉर्क दुभंगलेले. काँग्रेसच्या ठरावातली 'केवळ दुरुस्ती' चौथ्या-पाचव्या दिवशीच मागे पडली. त्याच दिवशी जॉर्ज रीडने आपल्या अधिकारपत्रातली अट वाचून दाखविली आणि समान मताचा नियम बदलणार असाल तर डेलावेअरला कदाचित परिषद सोडून जावे लागेल असे बजावले. स्वतःच बांधून घेतलेली दोरी अशी कामाला आली. परिषदेने तो विषय तेवढ्यापुरता पुढे ढकलला.

जून महिना या वादात गेला. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटर्सनचे म्हणणे सरळ होते : आपल्याला कोणते काम देऊन पाठविले ते कागद काढून पाहा. राज्ये सार्वभौम आहेत, त्यांनी आपल्याला करार दुरुस्त करायला धाडले आहे. त्यापलीकडे आपला अधिकार नाही आणि लोकांची तशी तयारीही नाही. त्याला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने दिलेले उत्तर मात्र नामी आहे. त्याच्या मते परिषदेला काहीही पक्के ठरविण्याचा अधिकार नाही आणि म्हणूनच काहीही सुचविण्याची तिला मोकळीक आहे. आपण नुसती शिफारस करतो. स्वीकारायची की नाही ते लोक पाहतील. रँडॉल्फची भूमिका याहून तापलेली. देशाचे तारू बुडत असताना, आवश्यक ते सुचविले नाही तर तोच विश्वासघात ठरेल, असे तो म्हणाला.

मला विचाराल तर कायद्याच्या बाजूने पॅटर्सन बरोबर होता. विल्सनचा युक्तिवाद वकिली आहे, पण त्याला एक बळकट पाया आहे : सुचविणारा आणि मंजूर करणारा वेगळा असेल तर सुचविणाऱ्याचा अतिक्रम पदरात घालता येतो. मात्र तसे असेल तर मंजूर कोण करणार आणि त्याला खरोखर 'नाही' म्हणता येणार का, हे पाहावे लागते. तिकडे आपण येऊच.

लहान राज्यांची भीती खोटी नव्हती. १७९० च्या शिरगणतीत व्हर्जिनियाची वस्ती सुमारे साडेसात लाख भरली, डेलावेअरची एकोणसाठ हजार. प्रमाणशीर जागा दिल्या तर डेलावेअरचा आवाज ऐकूच येणार नाही. उलट मोठ्यांचे म्हणणे, बारा-तेरा माणसांमागे एक मत आणि एका माणसामागे एक मत यांना समान म्हणणे हा कुठला न्याय? ३० जूनला डेलावेअरच्या गनिंग बेडफर्डचा तोल गेला. मोठ्यांनी संघ मोडला तर लहान राज्यांना हात देणारा कुणी परकी मित्र भेटेल, असे तो बोलून गेला. सभागृहात केवढी शांतता पसरली असेल! त्याच्या दोनच दिवस आधी एक्क्याऐंशी वर्षांच्या फ्रँकलिनने, रोज सकाळी प्रार्थना करून कामाला लागावे असे सुचविले होते. त्यावर उत्तर कॅरोलायनाच्या विल्यमसनने खरे कारण सांगून टाकले, की परिषदेजवळ धर्मोपदेशकाला द्यायला पैसे नाहीत.

आता २ जुलैचा दिवस जरा सावकाश पाहण्याजोगा आहे, कारण पाठ्यपुस्तकात तो नसतो. प्रश्न होता, वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला समान मत असावे काय? पुकारा उत्तरेकडून दक्षिणेकडे होई. मेरीलँडचे त्या सकाळी एकच सदस्य जागेवर होते, ल्यूथर मार्टिन, समान मताचे कडवे पुरस्कर्ते. त्यांचे विरुद्ध मताचे सहकारी जेनिफर अजून आलेले नव्हते. ते वेळेवर येते तर मेरीलँडचे मत दुभंगले असते. न आल्यामुळे ते 'होय'मध्ये पडले. पाच राज्ये 'होय', पाच 'नाही', आणि शेवटी पुकारा झाला जॉर्जियाचा. जॉर्जियाचे चार प्रतिनिधी, पण दोघे न्यू यॉर्कला गेलेले. उरले दोघे. जॉर्जिया आजवर मोठ्या राज्यांबरोबर होते. तिथे मोकळी जमीन अफाट, वस्ती वाढणार ही खात्री. ह्यूस्टनने अपेक्षेप्रमाणे 'नाही' म्हटले. दुसरा अब्राहम बाल्डविन. हा मूळचा कनेक्टिकटचा, तीन वर्षांपूर्वी जॉर्जियात स्थायिक झालेला. त्याने 'होय' म्हटले. जॉर्जियाचे मत फुकट गेले आणि ठराव पाच विरुद्ध पाच असा लटकला. तो पटून असे मत देत नव्हता, परिषद मोडेल या भीतीने देत होता, असे ल्यूथर मार्टिनने नंतर लिहिले आहे.

बाल्डविनच्या या मताचा विचार करताना मी बराच वेळ अडखळलो. जॉर्जियाच्या विधिमंडळाने त्याला ज्या हितासाठी धाडले त्या हिताविरुद्ध त्याने मत दिले असे म्हणता येईल. त्याने आपल्या जन्मभूमीची बाजू घेतली असेही कुणी म्हणेल. पण त्या एका मताने लहान राज्यांचा निकाल लागला नाही, ती उठून गेली नाहीत आणि बोलणी चालू राहिली. मुखत्यारपत्राशी तो प्रामाणिक राहिला असता तर कदाचित ज्या परिषदेसाठी ते पत्र दिले होते ती परिषदच उरली नसती.

त्याच दिवशी प्रत्येक राज्याचा एक अशी समिती नेमली गेली. तिने ५ जुलैला सुचविले की, कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा, वरिष्ठ सभागृहात राज्यांना समान मत आणि पैशाची विधेयके कनिष्ठ सभागृहातच निघावीत. कनेक्टिकटचा रॉजर शर्मन हा तोडगा जूनपासून सांगत होता, तेव्हा कुणी ऐकले नव्हते.

१० जुलैच्या सुमारास न्यू यॉर्कचे दोन प्रतिनिधी, येट्स आणि लान्सिंग, निघून गेले. त्यांचे कारण स्वच्छ होते : आम्हांला ज्या कामाला पाठविले ते हे काम नव्हे. मुखत्यारपत्राशी शब्दशः इमान राखणारे ते हेच दोघे. त्यांचा तिसरा सहकारी अलेक्झांडर हॅमिल्टन, बळकट केंद्र सरकारचा कट्टर पुरस्कर्ता. राज्याच्या गव्हर्नरच्या पक्षाने त्याच्या दोन्ही बाजूंना हे दोघे मुद्दाम बसविले होते, म्हणजे राज्याचे मत नेहमी त्याच्या विरुद्ध पडावे. आता ते गेल्यावर न्यू यॉर्कला मतच उरले नाही. हॅमिल्टन पुढे परत आला, बोलला, समितीत राबला, पण त्याला मत देता येईना. राज्य गैरहजर आणि माणूस हजर! वॉशिंग्टनने त्याच दिवशी त्याला लिहिलेल्या पत्रात आपली निराशा बोलून दाखविली आणि या कामात आपण पडलो याचा पश्चात्तापही.

१६ जुलैला त्या तडजोडीवर मत झाले. पाच विरुद्ध चार. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन असे फुटले, गेरी व स्ट्राँग एकीकडे, किंग व गोरॅम दुसरीकडे; म्हणून एका मोठ्या राज्याचे मत फुकट गेले आणि सिनेटचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे सदस्य आपसांत भेटले, काय करावे यावर एकमत न होता उठले आणि प्रश्न तिथेच मिटला. आज वायोमिंगची वस्ती सहा लाखांहून कमी आणि कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात, तरी सिनेटमध्ये दोघांनाही दोनच जागा, याचे मूळ या एका दिवसात आहे. इतकेच नव्हे तर राज्याच्या संमतीवाचून त्याचा हा समान वाटा कधीही काढून घेता येणार नाही, अशी मेखही पुढे मारून ठेवली. आपल्या राज्यसभेत तसे नाही. तेथे महाराष्ट्राला एकोणीस जागा आणि गोव्याला एक.

या गदारोळात २३ जुलैचा एक छोटा निर्णय कुणाच्या नजरेत भरत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन, आणि त्यांनी मत द्यायचे ते वेगवेगळे, माणशी एक. ल्यूथर मार्टिनने लगेच हरकत घेतली, की मग ते राज्याचे प्रतिनिधी कसले? बरोबरच होते. एकाच राज्याचे दोघे परस्परविरुद्ध मत देऊ शकतात म्हटल्यावर राज्याचा हुकूम संपला आणि माणसाचा विवेक सुरू झाला. एकट्या मेरीलँडचे मत विरुद्ध पडले. जे प्रतिनिधी स्वतः राज्यवार मत देत बसले होते, दुफळी झाली की मुके होत होते, त्यांनी आपल्या वारसांना मात्र ती बेडी घातली नाही. त्यांनी काही अनुभव घेतला होता असे म्हणायला हरकत नाही.

येथवर राज्यांच्या आवाजाचे बोललो. पण त्या खोलीत एक फार मोठा समाज असा होता की, ज्याची मोजणी होत होती, आवाज नव्हता. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा म्हटल्यावर लोक कोण, हा प्रश्न आला. दक्षिणेकडील राज्यांत लक्षावधी निग्रो गुलाम होते; १७९० च्या शिरगणतीत सर्व देशात त्यांची संख्या सात लाखांच्या आसपास भरली, एकूण वस्ती एकोणचाळीस लाख. दक्षिणेचे म्हणणे, जागा ठरविताना हे सारे मोजा. उत्तरेचे म्हणणे, तुम्ही त्यांना मालमत्ता समजता, मग मोजता कसे? १७८३ मध्ये कराच्या हिशेबासाठी काढलेले पाच गुलाम म्हणजे तीन माणसे हे सूत्र १२ जुलैला जागांसाठी उचलले गेले. ज्याला मत नाही, न्याय नाही, ज्याचे मूल बाजारात विकले जाते, त्याच्या डोक्यांच्या जोरावर त्याच्याच मालकाला काँग्रेसमध्ये जास्त जागा मिळाव्यात, असा हा हिशेब. ऑगस्टात आणखी एक सौदा झाला : १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करायची नाही. आणि हे सारे लिहिताना 'गुलाम' हा शब्द कटाक्षाने टाळला. 'इतर व्यक्ती' असे म्हटले. माणसाला लाज वाटते ती अशा ठिकाणी कळते. पळून गेलेला गुलाम मालकाला परत द्यावा हे कलमही आले. मुखत्यारपत्राच्या बाहेर एवढ्या धाडसाने गेलेल्या या मंडळींना येथे मात्र ते धाडस झाले नाही. त्यांचे समर्थक म्हणतात, तसे केले असते तर दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया उठून गेले असते. गेलेही असते. पण ज्यांच्या जिवावर ही किंमत मोजली गेली त्यांपैकी एकाचेही मुखत्यारपत्र त्या खोलीत कुणाजवळ नव्हते. स्त्रियांचे आणि मूळच्या इंडियन जमातींचेही नव्हते.

जुलैअखेर पाच जणांच्या समितीने मसुदा केला. त्याच्या प्रास्ताविकात न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स अशी एकामागून एक तेराही राज्यांची नावे घेऊन 'या राज्यांचे आम्ही लोक' असे लिहिले होते. न आलेल्या ऱ्होड आयलंडचेही नाव त्यात होते. सप्टेंबरात भाषा नीटनेटकी करणाऱ्या समितीने, त्यातही मुख्यतः गव्हर्नूर मॉरिसने, सगळी नावे काढून टाकली आणि 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' एवढेच ठेवले. आज ते शब्द जगभर गाजतात, शाळेतली मुले पाठ करतात. पण त्यामागचे कारण बरेचसे व्यावहारिक असावे. कोणतीही नऊ राज्ये मान्यता देतील तेव्हा घटना लागू होईल असे ठरले होते. मग ती नऊ कोणती हे आधी कसे सांगणार आणि नावे कोणाची लिहिणार? असे असले तरी शब्द एकदा कागदावर उतरले की त्यांना स्वतःचे आयुष्य लाभते. राज्यांच्या नोकरीत आलेल्यांनी लिहिता लिहिता मालकच बदलला.

आपल्या घटनेच्या आरंभीही 'आम्ही भारताचे लोक' आहेत. पण आपल्या संविधान सभेचा घाट निराळा. तिचे सभासदही प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले, संस्थानांकडून आलेले. मात्र मत माणशी एक, चर्चा उघड, आणि अहवाल छापलेले. बाबासाहेब आंबेडकर प्रथम बंगालमधून निवडून आले आणि फाळणीमुळे ती जागा गेल्यावर मुंबईतून आले. सभेत ते बंगालचे वा मुंबईचे म्हणून बोलले नाहीत. आपले संघराज्य हे घटकराज्यांच्या आपसांतील करारातून निघालेले नाही, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्टच सांगितले. फिलाडेल्फियाच्या मंडळींना नेमके हेच सांगता येत नव्हते, कारण ते स्वतःच एका कराराचे पक्षकार म्हणून आले होते.

१७ सप्टेंबरला सह्या झाल्या. हजर ४१, त्यांपैकी रँडॉल्फ, मेसन व गेरी या तिघांनी सही नाकारली. ज्याने पहिली योजना मांडली तोच रँडॉल्फ शेवटी मागे सरला! मेसनची मुख्य तक्रार अशी की, यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही. पाच दिवसांपूर्वी तशी समिती नेमण्याची सूचना आली होती, ती एकाही राज्याचे मत न मिळता पडली. तेव्हा एकमत कसे दाखवायचे? मॉरिसने युक्ती काढली आणि फ्रँकलिनच्या तोंडून ती मांडविली : 'उपस्थित राज्यांच्या एकमताने' असे लिहा. तीन माणसे विरुद्ध असली म्हणून काय झाले, त्यांची राज्ये तर बाजूने होती. उन्हाळाभर ज्या राज्यवार मतदानाचा अनेकांना जाच झाला तेच शेवटी असे उपयोगी पडले. न्यू यॉर्कचे मत नव्हते, तेव्हा वॉशिंग्टनने त्या रात्री रोजनिशीत अकरा राज्ये आणि न्यू यॉर्कचे कर्नल हॅमिल्टन, अशी नोंद केली.

विल्सन म्हणाला होता, आम्ही फक्त सुचवितो. मंजूर कोणी करायचे? जुन्या करारनाम्याप्रमाणे तेराही विधिमंडळांनी. परिषदेने तो रस्ता सोडून दिला. प्रत्येक राज्यात लोकांनी खास निवडलेल्या परिषदेने मान्यता द्यावी आणि नऊ राज्ये पुरेत, असे तिने स्वतःच ठरविले. म्हणजे ज्या विधिमंडळांनी मुखत्यारपत्र दिले, त्यांना बाजूला सारून त्यांच्या पाठीमागच्या मतदारांपुढे कागद ठेवला. येथे अतिक्रमही आहे आणि त्याचा उताराही आहे. कारण आता दाराआडचे उघड्यावर आले, वर्षभर गावोगाव पत्रके निघाली, भांडणे झाली, आणि लोकांना 'नाही' म्हणायची खरी संधी होती.

पहिली मान्यता कुणी द्यावी? ७ डिसेंबर १७८७ रोजी, तीस विरुद्ध शून्य मतांनी, डेलावेअरने! समान सिनेट मिळाल्यावर त्याची भीती पार गेली होती. २१ जून १७८८ ला उशिरा आलेल्या न्यू हॅम्पशायरने नववे मत देऊन घटना अमलात आणली. व्हर्जिनियाच्या परिषदेत पॅट्रिक हेन्रीने आमच्या मित्राचाच प्रश्न गर्जून विचारला : 'आम्ही राज्ये' ऐवजी 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी? समोर मॅडिसन होता, आणि सही न करणारा रँडॉल्फ आता त्याच्या बाजूने. निकाल ८९ विरुद्ध ७९. न्यू यॉर्कच्या परिषदेत येट्स, लान्सिंग आणि हॅमिल्टन पुन्हा समोरासमोर आले. तेथे ३० विरुद्ध २७. हेन्री-मेसन यांचा विरोध वाया गेला असे मात्र नाही. हक्कांच्या सनदेचे आश्वासन देऊनच अनेक ठिकाणी मते मिळाली आणि १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या घटनेला जोडल्या गेल्या.

राहता राहिले ऱ्होड आयलंड. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष उलटले तरी ते बाहेरच होते. अखेर मे १७९० मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार बंद करण्याचे विधेयक संमत केले, जणू ते परराष्ट्रच. २९ मे रोजी त्या राज्याच्या परिषदेने घटनेला मान्यता दिली, चौतीस विरुद्ध बत्तीस मतांनी.